श्रीताड : एकाच झाडाचे पान आणि बी

दरवर्षी जून महिन्यात आमच्या वसतिगृहात नवी मुले दाखल होतात. त्यांतील एखाद्याच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला कठीण, गोल मणी असतो. मुलाला दृष्ट लागू नये म्हणून आईने तो बांधलेला असतो. त्याला बजरबट्टू म्हणतात. हा मणी कशाचा, असे आम्ही वर्गात विचारले, तेव्हा कोणी दगडाचा म्हणाले, कोणी लाकडाचा. ते एका झाडाचे बी आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. विद्यार्थी मित्रहो, त्या झाडाची ओळख करून देण्यासाठी हा लेख आहे. कारण ज्याचे बी आपण भयापोटी गळ्यात बांधले, त्याच झाडाच्या पानाने तथागतांचा धम्म शतकानुशतके जपला.

या झाडाचे नाव श्रीताड. मलबार व कर्नाटकाची किनारपट्टी आणि श्रीलंका हा त्याचा प्रदेश. आपल्या परिचयाच्या ताडाच्या कुळातील हा वृक्ष सुमारे २५ मीटरपर्यंत उंच वाढतो व त्याचे पंख्यासारखे पान ५ मीटरपर्यंत रुंद होऊ शकते. तो आयुष्यात एकदाच, साधारणतः ३० ते ८० वर्षांच्या दरम्यान, फुलतो. शेंड्यावर लक्षावधी बारीक फुलांचा प्रचंड तुरा येतो, वर्षभराने फळे पिकतात आणि झाड मरून जाते.

केरळात त्याला कुडप्पना, म्हणजे छत्रीचा ताड, म्हणतात. त्याच्या शास्त्रीय नावातही छत्रीचाच उल्लेख आहे. पाने घरे शाकारण्यासाठी, छत्र्या व चटयांसाठी वापरली जात. रॉबर्ट नॉक्स हा इंग्रज खलाशी कँडीच्या राज्यात सुमारे १९ वर्षे बंदिवान होता. १६८१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने लिहिले आहे की, या झाडाचे एक पान पावसात १५ ते २० माणसांना झाकू शकते आणि सैनिक त्याचाच तंबू करतात. फळे येण्यापूर्वी झाड तोडून, खोडातील गर कुटून लोक त्याच्या भाकरी करीत, हेही त्याने नोंदविले आहे. कठीण बियांचे मणी व बटणे होत.

तथापि इतिहासाच्या दृष्टीने या झाडाचा सर्वांत मोठा उपयोग लेखनासाठी झाला. श्रीलंकेत त्याची न उमललेली कोवळी पाने काढून त्यांच्या शिरा वेगळ्या करीत. पट्ट्यांच्या गुंडाळ्या पाण्यात उकळून त्या उन्हात व दवात वाळवीत आणि गुळगुळीत दांड्यावर पुनःपुन्हा ओढून घोटीत. त्यावर शाईने लिहीत नसत. लोखंडी टोकदार लेखणीने अक्षरे कोरीत. मग काजळी व तेल यांचे मिश्रण चोळून पान पुसले की कोरलेली अक्षरे काळी उमटत. भोके पाडून पाने दोरीत ओवीत व लाकडी फळ्यांमध्ये बांधून ठेवीत.

बुद्धवचन कित्येक शतके भिक्खूसंघाने मुखोद्गत ठेवले होते. इ.स.पू. पहिल्या शतकात, वट्टगामणी अभय राजाच्या काळात, श्रीलंकेवर दुष्काळ व युद्धाचे संकट आले. धम्म जाणणारे भिक्खूच उरले नाहीत तर काय, हा प्रश्न उभा राहिला आणि त्रिपिटक लिहून काढण्याचा निर्णय झाला. हे कार्य मातलेजवळील आलुविहार येथे या पानांवर झाले, असे परंपरा सांगते. दमट हवेत पान फार काळ टिकत नाही. म्हणून प्रत्येक पिढीने जुनी पोथी पाहून नवी कोरली. लेखन आपोआप टिकले नाही, ते माणसांनी टिकविले.

आपल्या देशातही ताडपत्रांवर विपुल ग्रंथ लिहिले गेले. परंतु आमच्या पूर्वजांना अक्षरापासून दूर ठेवण्यात आले. पान त्यांच्या हाती येऊ दिले नाही. बी मात्र गळ्यात पडले. म्हणून त्या मातेला आम्ही हसत नाही. दवाखाना दूर आणि मूल दगावण्याचे भय खरे, अशा स्थितीत तिच्या आजीपणजीने जवळ होते ते बांधले. भय खरे होते. उपाय मात्र खरा नव्हता. देवी, पोलिओ यांसारख्या रोगांपासून मुलांना वाचविले ते लसीने, मण्याने नव्हे.

याच पानांवर उतरलेल्या त्रिपिटकात कालाम सुत्त आहे. केवळ परंपरेने आले किंवा ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश तथागतांनी त्यात केला आहे. १९५० साली बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी कँडीला गेले, ते या परंपरेच्याच भूमीत. आणि १९५६ साली त्यांनी तो धम्म आपल्या हाती दिला.

आम्ही कोणाच्याही गळ्यातील दोरा तोडीत नाही. हा पाठ शिकवितो आणि निर्णय विद्यार्थ्यावर सोपवितो. सुट्टीत घरी जाल तेव्हा आईला या झाडाची गोष्ट सांगा. तिच्या भयाचा आदर राखून सांगा. पुस्तकाच्या पृष्ठाला आपण मराठीत अजूनही ‘पान’च म्हणतो. ते पान आता तुमच्या हाती आहे. ते वाचणे, पारखणे आणि पुढच्या पिढीसाठी पुन्हा लिहिणे, हे तुमचे काम आहे.