पॉडकास्टसाठी कमी खर्चात साहित्य कसे निवडावे?
(व्यापारी व कारागीर बंधूंसाठी)



व्यापाराच्या पानावर सुताचे भाव, उधारीची वसुली, हिशोबाची वही असे विषय येतात. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण तोही तिजारतीचाच आहे. गेल्या काही वर्षांत अनेक तरुण व्यापारी आमच्याकडे एकच मशवरा मागायला येतात. ‘आम्हाला पॉडकास्ट सुरू करायचा आहे. कोणता माइक घ्यावा? किती पैसे लागतील?’ प्रत्येकाला वेगवेगळे सांगण्यापेक्षा आमचा तजुर्बा एकदा लिहून काढावा, असे आम्हाला वाटले.

पॉडकास्ट म्हणजे इंटरनेटवर ठेवलेला बोलका कार्यक्रम. हा शब्द २००४ साली प्रथम वापरात आला. २००५ साली ॲपल कंपनीने आपल्या आयट्यून्समध्ये त्याला जागा दिली आणि तो जगभर पसरला. रेडिओचा कार्यक्रम ठरलेल्या वेळी लागतो. वेळ चुकली की तो गेला. पॉडकास्ट मात्र ऐकणारा आपल्या सवडीने ऐकतो. आपल्या कारागिरांना हे फार सोयीचे आहे. जरीकाम करणारा किंवा शिलाई मारणारा माणूस वाचू शकत नाही, कारण त्याचे हात आणि डोळे गुंतलेले असतात. कान मात्र मोकळे असतात. त्याच्यापर्यंत मालाची माहिती, सरकारी योजना, धंद्यातील युक्ती पोहोचवायची तर आवाज हाच मार्ग आहे.

महागात पडलेला धडा

गोष्ट २०२२ सालची. आमच्या मोहल्ल्यात हातमागावर उमर घालवलेले एक बुजुर्ग चाचा होते. वय ऐंशीच्या पुढे. पाजणीची खळ किती घट्ट असावी, हवा कोरडी झाली की सूत का तुटते, दोन बोटांत चोळून सुताचा नंबर कसा ओळखावा, हे सर्व त्यांना तोंडपाठ होते. कागदावर मात्र त्यातले एक अक्षरही नव्हते. हे ज्ञान पुढच्या पिढीसाठी जपून ठेवावे, असे आम्ही ठरवले.

आमच्या पुतण्याने हौसेने बावीस हजार रुपयांचा संच आणला. त्यात कंडेन्सर माइक, मिक्सर, स्टँड आणि दोन दिवे होते. ‘स्टुडिओत हाच वापरतात,’ असे दुकानदाराने सांगितले होते. कारखान्याच्या वरच्या माळ्यावर पत्र्याच्या छपराखाली आम्ही बसलो. चाचा दीड तास मनापासून बोलले. कानाला हेडफोन लावून तपासावे, हे आम्हा कोणालाच सुचले नाही.

संध्याकाळी ऐकायला बसलो तर खालच्या साच्यांची खटखट, पत्र्याचा घुमारा आणि पंख्याची घरघर यांत चाचांचा आवाज बुडून गेलेला. चाचा हसून म्हणाले, “बेटा, यह तो सांचा बोल रहा है, मैं कहाँ हूँ?”

पुढच्या जुम्याला आम्ही चाचांना आमच्या कापडाच्या गोदामात बसवले. त्या दिवशी साचे बंद होते. चारी बाजूंना थानांच्या थप्प्या होत्या. नऊशे रुपयांचा कॉलर माइक त्यांच्या कुर्त्याला लावला आणि मोबाइलवरच रेकॉर्ड केले. आवाज इतका स्वच्छ आला की त्यांचा श्वासही ऐकू येत होता. पण चाचा थकले होते. चाळीस मिनिटांनी म्हणाले, बाकीचे पुढच्या जुम्याला. सुताचा नंबर ओळखण्याचा भाग त्या ‘बाकी’त राहिला. पुढचा जुमा येण्यापूर्वीच चाचा अल्लाहला प्यारे झाले.

तो संच आम्ही पुढे निम्म्या किमतीत विकला. ते नुकसान धंद्यात भरून निघाले. त्या दीड तासाचे नुकसान भरून निघणार नाही. दोष माइकचा नव्हता, आमच्या अज्ञानाचा होता. इतर बंधूंचे असे नुकसान होऊ नये म्हणून पुढील गोष्टी सविस्तर देत आहोत.

१) आधी जागा, मग माइक

खराब रेकॉर्डिंगला बहुतेक वेळा जागा जबाबदार असते. त्यात दोन दोष असतात आणि त्या दोन्हींचा इलाज वेगळा आहे.

पहिला दोष घुमण्याचा. उघड्या भिंती, फरशी आणि पत्रा यांवर आदळून आवाज परत येतो. खोलीत एक टाळी वाजवून पाहावी. टाळीचा नाद मागे रेंगाळला तर ती खोली निकामी समजावी. यावर आपल्या हातातलाच इलाज आहे, तो म्हणजे कापड. मात्र कापडाची निवड समजून करावी. मलमल किंवा वॉयलसारखे पातळ कापड फारसे काही शोषत नाही. जाड गोधडी, सतरंजी, सोलापुरी चादरींच्या घड्या, मखमलीचा पडदा यांच्यात आवाज जिरतो. पडदा ताणून लावू नये, चुण्या पाडून लावावा. भिंत दहा फूट असेल तर कापड वीस फूट घ्यावे. शिवाय पडदा भिंतीला चिकटवू नये, चार बोटे अंतर सोडावे. या अंतरामुळे त्याच कापडाचा गुण वाढतो. ज्याच्याकडे कापडाचे गोदाम आहे, त्याने तर एक रुपयाही खर्च करू नये. थानांच्या थप्प्यांमध्ये खुर्ची ठेवावी, हाच स्टुडिओ.

दुसरा दोष बाहेरच्या आवाजाचा. येथे कापड उपयोगी पडत नाही. स्पंजचे तुकडे भिंतीला चिकटवले की बाहेरचा गोंगाट थांबतो, असे विकणारे सांगतात. ते खरे नाही. स्पंज खोलीतला घुमारा कमी करतो, पण शेजारच्या साच्यांचा आवाज अडवत नाही. त्यासाठी जाड भिंत हवी किंवा योग्य वेळ साधावी. पॉवरलूमच्या खात्यातला आवाज नव्वद डेसिबलच्या वर जातो. त्याच्याशी कोणताही माइक लढू शकत नाही. मालेगाव, भिवंडीसारख्या गावांत शुक्रवारी साचे बंद असतात. जुम्याच्या नमाजनंतरची वेळ त्यासाठी उत्तम. इतर गावांत फजरनंतरचा एक तास शांत असतो.

२) माइकचे दोन स्वभाव

बाजारात माइकची नावे शेकडो असली तरी आपल्या कामाचे प्रकार दोनच आहेत.

कंडेन्सर माइक फार नाजूक कानाचा असतो. तो बारीकसारीक सर्व ऐकतो. बंदिस्त, शांत स्टुडिओत हा गुण ठरतो. आपल्या गाळ्यात तोच दोष ठरतो. मोठ्या कंडेन्सर माइकला बहुधा ४८ व्होल्टचा वेगळा पुरवठाही लागतो, म्हणजे आणखी एक यंत्र आले.

डायनॅमिक माइक थोडा जाड कानाचा असतो. तोंडाजवळ आहे तेच तो नीट ऐकतो. दूरचे बरेचसे सोडून देतो. जलशांत वक्ते हातात धरतात तो बहुधा याच जातीचा. बाजारपेठेत, रस्त्याकाठी किंवा दुकानात रेकॉर्ड करणाऱ्याने हाच घ्यावा.

कोणताही माइक घेतला तरी अंतराचा नियम एकच आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने घटतो, म्हणजे त्याची शक्ती चौथाईवर येते. खोलीचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. म्हणून वीतभर अंतरावरचा स्वस्त माइक तीन हातांवरच्या महागड्या माइकपेक्षा चांगले काम देतो.

३) किफायतीच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी : खर्च शून्य. हातातला मोबाइल घ्यावा, जाड कापडांच्या मध्ये बसावे, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर थोडा तिरका धरावा. पहिले चार-पाच कार्यक्रम असेच करावेत. पाच कार्यक्रम पूर्ण झाले नाहीत तर पुढचा खर्च करूच नये. हौस किती दिवसांची आहे, हे त्यातच कळते.

दुसरी पायरी : हजार रुपयांच्या आसपास. या किमतीत तारेचा कॉलर माइक मिळतो. बोया कंपनीचा बीवाय-एम१ हा बराच खपणारा नमुना आहे. त्याची तार सहा मीटर लांब असून त्यात छोटा बटन-सेल लागतो. असा माइक छातीवर, हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावावा. दाढी, दुपट्टा किंवा कडक इस्त्रीचे कापड त्याला घासणार नाही, याची काळजी घ्यावी. दोन माणसांची मुलाखत असेल तर दोन माइक आणि दोन मोबाइल वापरावेत. सुरुवातीला एक टाळी वाजवावी, म्हणजे दोन्ही रेकॉर्डिंग नंतर जुळवता येतात.

तिसरी पायरी : साधारण पाच हजारांपासून पुढे. येथे यूएसबीचा डायनॅमिक माइक घ्यावा. फिफाइन एएम८, माओनो पीडी२००एक्स, सॅमसन क्यू२यू हे अशा जातीचे नमुने आहेत. हे सरळ संगणकाला जोडता येतात. त्यांना एक्सएलआरची जोडणीही असते, त्यामुळे पुढे कधी मिक्सर घेतला तरी माइक वाया जात नाही. हा खर्च एकट्याने करण्याची गरज नाही. चार दुकानदारांनी मिळून एक माइक घ्यावा आणि आठवड्याचे दिवस वाटून घ्यावेत.

माइकबरोबर तारेचा, कान झाकणारा साधा हेडफोन जरूर घ्यावा. तो नसल्यामुळेच आमचे दीड तास गेले. ‘प’, ‘फ’, ‘ब’, ‘भ’ या अक्षरांना तोंडातून हवेचा झोत निघतो आणि माइकमध्ये फटका बसतो. त्यासाठी जाळी विकत मिळते. पण कशिदाकामाच्या लाकडी कडीत नायलॉनचा मोजा किंवा विरळ वॉयल ताणून माइकपुढे चार बोटांवर धरली, तरी तेच काम होते.

४) खरेदी करताना काय पाहावे?

पिन तपासावी. साडेतीन मिलिमीटरच्या पिनीवर तीन रेघा असतील तर ती मोबाइलची, दोन असतील तर बहुधा कॅमेऱ्याची. चुकीची पिन लावली तर माइक बंद राहतो आणि फोन आपल्याच अंगच्या माइकवर रेकॉर्ड करीत राहतो. अनेक नव्या मोबाइलना गोल भोकच नसते. त्यांना टाइप-सीचा जोड लागतो. काही जोड फक्त ऐकण्याचे असतात, त्यांतून माइक चालत नाही. म्हणून दुकानातच लावून, रेकॉर्ड करून, ऐकून पाहावे. कापडाचे थान उलगडून पाहिल्याशिवाय आपण घेत नाही. माइकही तसाच घ्यावा.

दिवे, रंगीत बटणे आणि आवाज बदलणारी यंत्रे यांना पैसे घालू नयेत. पावती घ्यावी. आणि व्याजाच्या हप्त्यावर घेण्यापेक्षा मोबाइलवरच काम चालवणे शंभर पटीने चांगले. इस्राफ आणि व्याज, या दोन्ही दरवाजांतून बरकत निघून जाते.

५) रेकॉर्डिंगच्या दिवशी

फोन विमान मोडवर टाकावा. पंखा, फ्रीज व इन्व्हर्टर बंद करावे. आधी एक मिनिट रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐकावे. ठीक वाटले तरच पुढे जावे. आवाजाचा काटा दिसत असेल तर तो उणे १२ ते उणे ६ या दरम्यान राहावा, वरच्या टोकाला लागू देऊ नये. फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही, हळू आवाज वाढवता येतो. मूळ रेकॉर्डिंग वेव्ह प्रकारात ठेवावे. एकेरी ध्वनीच्या अर्ध्या तासाला सुमारे १६० एमबी जागा लागते. लोकांना पाठवताना ६४ केबीपीएसची एमपी३ करावी, तेच रेकॉर्डिंग सुमारे १४ एमबीत बसते. काटछाट करण्यासाठी ऑडॅसिटी हा संगणकावरील प्रोग्राम मोफत आहे. पार्श्वसंगीताच्या भानगडीत पडू नये. त्यात कॉपीराइटचा प्रश्न येतो आणि कामाच्या गोष्टीला त्याची गरजही नसते.

६) आवाज ही अमानत आहे

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कोणाचाही आवाज त्याच्या परवानगीशिवाय घेऊ नये. ग्राहकाशी झालेले बोलणे, भागीदाराशी झालेली तक्रार किंवा कारागिराचे गुपित लपून रेकॉर्ड करून लोकांना ऐकवणे ही खयानत आहे. रेकॉर्डिंग झाल्यावर बोलणाऱ्याला ते एकदा ऐकवावे. तो म्हणेल तो भाग काढून टाकावा आणि एक प्रत त्याच्या घरच्यांना द्यावी. चाचांची चाळीस मिनिटे आम्ही त्यांच्या मुलांना दिली. त्यांचा नातू आज पाजणीच्या कामाला लागला आहे आणि खळ करताना तो ती ऐकतो.

बंधूंनो, आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात असे एखादे बुजुर्ग आहेत. कोणी रंगारी, कोणी लोहार, कोणी अत्तरवाले. त्यांचा इल्म त्यांच्याबरोबर जाऊ देऊ नका. चांगला माइक घेऊ, मग बसू, असे म्हणत थांबू नका. येत्या जुम्याला दोन गोधड्या आणि हातातला मोबाइल घेऊन त्यांच्याजवळ बसा. हेडफोन मात्र विसरू नका.

अल्लाह आपणा सर्वांच्या रोजीत आणि इल्ममध्ये बरकत देवो. आमीन.