सही करण्याआधी पाहावे

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मी काही प्रवचनकार नाही. बी.कॉम. होऊन बँकेत कारकुनी केली आणि निवृत्त झालो. दत्तजयंतीच्या अंकासाठी काहीतरी लिहा असा आग्रह झाला, म्हणून उशिरा कळलेली एक गोष्ट लिहितो.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा आहे. पृथ्वी, वायू, मधमाशी, कबुतर, आणि त्यात एक लहान बालकसुद्धा. यांपैकी कोणी पाट मांडून उपदेश केला नाही. अवधूताने लक्ष देऊन पाहिलं, म्हणून ते गुरू झाले. घरातली मुलंही अशीच पाहून शिकतात. प्रश्न एवढाच, की आपण त्यांच्याकडे पाहतो का?

आपल्या निफाडचंच उदाहरण घ्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी इथे झाला. वडील गोविंदराव सरकारी कचेरीत कारकून, आई गोपिकाबाई. लहानपणची एक आठवण सांगतात. आईने माधवाला बर्फीचे दोन तुकडे दिले, एक मोठा, एक लहान; एक तू खा, एक त्या मुलाला दे म्हणाली. माधवाने मोठा तुकडा त्या मुलाला दिला आणि लहान स्वतः खाल्ला. आपण मुलाचं कौतुक करतो. पण मला वाटतं, ही गोष्ट आज आपल्यापर्यंत आली ती कोणीतरी त्या वेळी पाहत होतं म्हणून. लेकरू कोणता तुकडा देतं, हे बघायला त्या घरात माणूस होतं.

आता माझं सांगतो. तेव्हा कॉम्प्युटर नव्हते. चेक आला की नमुना सहीच्या कार्डाशी ताडून पाहायचं हे माझं काम. वेलांटीचं वळण जरा वेगळं दिसलं तरी मी चेक थांबवायचो. संध्याकाळी कॅश जुळेपर्यंत सुटका नाही, मार्च महिन्यात तर मुलं झोपल्यावरच घरी. मुलगा प्रगतीपुस्तक पुढे करायचा, मी जेवता जेवता सही ठोकायचो.

तो सहावीत असताना शाळेतून बोलावणं आलं. गुरुजींनी प्रगतीपुस्तक पुढे ठेवलं. गणितात नापास, आणि खाली माझी सही. मी म्हटलं, "हो, माझीच आहे." गुरुजी म्हणाले, "नीट बघा." सही मुलाने केली होती. दिवसभर लोकांच्या सह्या तपासणारा मी, स्वतःची खोटी सही ओळखू शकलो नाही!

घरी येऊन हात उगारला. तो रडत म्हणाला, "बाबा, तुम्ही तरी कुठे बघता? नुसती सहीच करता ना?" हात तसाच खाली आला. खोटेपणा त्याचा होता, पण न पाहता सही करायची हे तो माझ्याकडूनच शिकला होता.

त्या दिवसापासून रात्री जेवणानंतर अर्धा तास त्याचा. अभ्यासच असं नाही. कधी पत्ते, कधी नुसत्या गप्पा. थंडीत रविवारी लुनावर नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला जायचो. तो काही पहिला नंबर वगैरे आला नाही. पण पुढच्या वेळी नापास झाला तेव्हा प्रगतीपुस्तक स्वतः आणून माझ्यापुढे ठेवलं. मला ते पहिल्या नंबरापेक्षा मोठं वाटलं. आधीची अकरा वर्षं मात्र परत मिळत नाहीत, ती खंत आहेच.

आज कॅश जुळवायला मशीन आहे, पण हातात मोबाईल आला. मूल बोलत असतं, आपण खाली मान घालून "हं, हं" करतो. हीसुद्धा न पाहता केलेली सहीच नव्हे का?

तेव्हा या मार्गशीर्ष पौर्णिमेला एक छोटा संकल्प करू या. पाळणा म्हणताना त्रिमूर्ती अनसूयामातेच्या मांडीवर बाळ होऊन आले हे आठवावं. आपल्या घरचं बाळही तेच रूप. रोज अर्धा तास मोबाईल देवघरापाशी ठेवावा, मुलाजवळ बसावं आणि त्याच्याकडे नीट पाहावं. एवढी सेवा दत्तमहाराज आपल्या सर्वांकडून करून घेवोत.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!