ऊन पाण्याच्या एका बादलीचा हिशेब

वीजबचतीचा विषय निघाला की घरोघरी पहिला हात दिव्याच्या बटणाकडे जातो. "दिवा मालव, बिल वाढतंय" हे वाक्य ऐकल्यावाचून आपल्यापैकी कोणी लहानाचा मोठा झाला नसेल. सवय चांगलीच आहे. परंतु बिल खरोखर कशाने वाढते हे पाहायचे असेल तर बैठकीच्या खोलीतून उठून न्हाणीघरात जावे लागते. कन्नड विभागातील आपले मित्र त्याला 'बच्चलमने' म्हणतात. पूर्वी दोन्ही घरांत तेथे तांब्याचा बंब किंवा हंडा असे. आता दोन्हीकडे भिंतीवर गीझर असतो. त्याला मात्र कोणी रागावत नाही.

प्रथम 'युनिट' म्हणजे काय ते पाहू. १००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. पदार्थविज्ञानाच्या भाषेत ही ३६ लाख ज्यूल ऊर्जा झाली. आता दुसरा आकडा. एक किलो पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे ४२०० ज्यूल लागतात. इतकी उष्णता पिणारे पदार्थ फार थोडे आहेत. आंघोळीची बादली २० लिटरची धरू. हिवाळ्यात सकाळी टाकीतले पाणी २० अंशांवर असेल आणि ते ४० अंशांवर न्यायचे असेल, तर २० × २० × ४२०० म्हणजे १६ लाख ८० हजार ज्यूल लागतील. युनिटांत सांगायचे तर ०.४७, जवळजवळ अर्धे युनिट.

अर्धे युनिट ऐकायला क्षुल्लक वाटते. पण तेवढ्याच विजेवर ६० वॅटचा जुना तारेचा दिवा आठ तास जळतो आणि ९ वॅटचा एलईडी दिवा दोन दिवस व दोन रात्री जळूनही वीज उरते. चार माणसांच्या घरात प्रत्येकी एक बादली म्हटली तरी महिन्याला ५६ युनिटे केवळ अंगावरून वाहून मोरीत जातात. विसरलेल्या दिव्यावरून मुलाला बोलणारे वडील स्वतः मात्र दीड बादली कढत पाण्याने स्नान करून आलेले असतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे!

यातला नियम सोपा आहे. उजेड आणि वारा स्वस्त, उष्णता महाग. गीझर, इस्त्री, विजेची शेगडी, बादलीत सोडायची सळई ही सारी एका कुळातली. पंख्याचा विचार करायचाच तर साधा पंखा ७५ वॅटचा असतो, ब्रशविरहित मोटरचा नवा पंखा ३० च्या आसपास. शिवाय भिंतीवरच्या जुन्या, मोठ्या डब्याच्या रेग्युलेटरने पंखा हळू केला तर पंख्याने वाचवलेल्या विजेतला बराच भाग त्या डब्यात उष्णता होऊन जातो. हात लावून पाहावा.

आता प्रदूषणाकडे वळू. आपल्याकडे येणारी वीज एकाच ठिकाणची नसते. शरावतीच्या पाण्याची असते, पवनचक्क्यांची असते, पावगडच्या सौर उद्यानाची असते आणि रायचूरच्या औष्णिक केंद्राचीही असते. पण सगळ्या गावाचे गीझर केव्हा लागतात? सकाळी सहा ते आठ. त्या वेळी सूर्य नुकता उगवत असतो. सौर पट्ट्यांतून फारसे काही निघत नाही. तेव्हा या वेळेचा भार पाण्यावर आणि कोळशावर अधिक पडतो.

कोळशावरच्या केंद्रात काय घडते ते पाहा. कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, वाफेने चक्र फिरवायचे आणि चक्राने वीज निर्माण करायची. या व्यवहारात कोळशातील उष्णतेचा सुमारे तिसरा हिस्साच वीज होतो. उरलेले दोन हिस्से धुराड्यातून आणि थंड करण्याच्या पाण्यातून निघून जातात. वाटेत तारांमध्येही काही गळते. आणि इतक्या कष्टाने उष्णतेची जी वीज केली, तिची आपण न्हाणीघरात पुन्हा उष्णता करतो! एका युनिटामागे अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जळतो, सुमारे एक किलो कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो, आणि आपल्या देशी कोळशात राख बरीच असल्याने राखेचा ढीग वेगळाच.

तीच बादली स्वयंपाकाच्या गॅसवर तापवली तर साधारण ६० ग्रॅम गॅस लागतो. त्यातून सुमारे १८० ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड निघतो. कोळशाच्या विजेने तो जवळजवळ अर्धा किलो, म्हणजे जवळजवळ तिप्पट होतो. मात्र गॅसचा गीझर बंद न्हाणीघरात कधीही बसवू नये. अपुऱ्या हवेत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास, आणि माणसे आंघोळ करता करता दगावली आहेत. लाकडाच्या बंबाला बिल येत नाही हे खरे, परंतु धूर घरातल्याच माणसांच्या छातीत जातो.

सर्वांत सरळ वाट सूर्याची. छपरावरील सौर बंबात उष्णतेची वीज आणि विजेची उष्णता असा फेरा नाही. ऊन थेट पाण्यात उतरते. आपल्या बेळगावात जून ते सप्टेंबर तो बऱ्याच वेळा रुसून बसतो, म्हणून जोडीला दुसरी सोय ठेवावी लागते. पण उरलेल्या महिन्यांत तो इमानाने काम करतो. फक्त नळ लांब असू नये. अर्ध्या इंची १५ मीटर नळात जवळजवळ दोन लिटर पाणी राहते, आणि ते थंड पाणी आपण दरवेळी मोरीत सोडतो.

आमच्या वर्गात एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, २०२३ पासून गृहज्योती योजनेत आमचं बिल शून्यच येतं. मग वाचवून काय मिळवायचं?" प्रश्न रास्त होता आणि मला लगेच उत्तर सुचले नाही. घरी जाऊन विचार केला. एक तर ही सवलत आधीच्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून ठरते, आणि महिन्याचा वापर २०० युनिटांच्या पुढे गेला की पूर्ण बिल भरावे लागते. डिसेंबर-जानेवारीत ही रेषा ओलांडायला गीझर पुरेसा आहे. दुसरे असे की, शून्य होते ते बिल. रायचूरचा कोळसा तेवढाच जळतो, आणि पैसे सरकारी तिजोरीतून जातात. दुसऱ्या दिवशी त्याला हे सांगितले. पहिला मुद्दा त्याला लगेच पटला, दुसऱ्याला तो नुसता हसला.

म्हणून त्याला एक प्रयोग दिला, तो येथेही देतो. घरच्या नव्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटाला किती वेळा ते छापलेले असते, बहुधा ३२००. घरातले सर्व बंद करून एकेक वस्तू लावावी आणि घड्याळ धरून मोजावे. २००० वॅटचा गीझर लावला तर मिनिटाला शंभराहून अधिक वेळा लुकलुकते, मोजता मोजता दमछाक होते. साधा पंखा असेल तर मिनिटाला चार वेळा. आणि एकटा ९ वॅटचा दिवा लावून मीटरसमोर उभे राहिले, तर पुढच्या एका लुकलुकीसाठी दोन मिनिटे थांबावे लागते.