अभ्यास : शब्द आणि नेम

गीतेचे मराठी करणाऱ्याला जे शब्द ओळखीचे म्हणूनच अडवतात, त्यांत 'अभ्यास' हा एक आहे. सहाव्या अध्यायात अर्जुन मनाच्या चंचलतेचे गाऱ्हाणे मांडतो, तेव्हा ३५ व्या श्लोकात भगवंत अभ्यास आणि वैराग्य असे दोन उपाय सांगतात. शब्द मराठीतही रूढ असल्याने अनुवादक तो तसाच ठेवतो. परंतु वाचकाच्या डोळ्यांपुढे पाटी, पुस्तक आणि परीक्षा उभी राहते. येथे तो अर्थ अभिप्रेत नाही.

'अभि' हा उपसर्ग आणि फेकणे या अर्थाचा 'अस्' हा धातू मिळून हा शब्द सिद्ध होतो. एकाच दिशेने पुनःपुन्हा टाकणे, हा त्याचा भाव. द्वित्व झालेल्या धातूच्या पूर्वभागाला पाणिनीनेही हीच संज्ञा दिली आहे. 'ददाति' यातील पहिला 'द' म्हणजे अभ्यास. (पाठशाळेत ही संज्ञा घोकताना तिचा साधनेशी काही संबंध असेल, असे कोणाच्या मनातही येत नाही!)

हा अर्थ ध्यानात घेतला म्हणजे त्याच अध्यायातील २६ वा श्लोक उलगडतो. मन जिकडे धावेल तिकडून त्याला परत आणावे, असे तेथे सांगितले आहे. मनाचे धावणे तेथे गृहीतच धरलेले आहे.

पुष्कळ सज्जन आषाढी एकादशीला चातुर्मासाचा नेम धरतात. रोज एक अध्याय वाचावयाचा. मग घरात आजारपण येते, प्रवास निघतो, चार दिवस खाडा पडतो. आणि पाचव्या दिवशी सवड असूनही पोथी फडताळातच राहते. नेम बुडतो तो बहुधा या पाचव्या दिवशी. आधीच्या चार दिवसांकडे त्याचा दोष फारसा जात नाही.

येथे कोणी शंका घेईल की, पतंजलींनी अभ्यासाला दीर्घकाल आणि आदर यांच्या जोडीने निरंतरताही आवश्यक मानली आहे, तिचे काय? शंका रास्त आहे. म्हणूनच नेमाचे माप उत्साहाच्या दिवशी ठरवू नये. थकल्याभागल्या दिवशी जेवढे निभेल तेवढेच धरावे. आहार, विहार व निद्रा यांविषयी गीतेने सांगितलेली युक्तता येथेही लागू पडते.

विनोबांनी 'गीताई'चे लेखन ७ ऑक्टोबर १९३० रोजी आरंभिले व ६ फेब्रुवारी १९३१ रोजी संपविले. दिवस १२३ आणि श्लोक ७००. सरासरीने दिवसाकाठी सहाहूनही कमी. समश्लोकी रचनेचे कष्ट जाणणाऱ्याला हे माप लहान वाटणार नाही, तरी ते आवाक्यातले आहे खरे. पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक अध्याय, याप्रमाणे त्यांनी अठरा रविवारी अठरा प्रवचने केली. साने गुरुजींनी ती लिहून घेतली, म्हणून आज ती आपल्या हाती आहेत.

तेव्हा साधकाने आरंभी अध्यायाऐवजी पाच श्लोक घ्यावेत. वेळ व आसन ठरलेले असावे. खाडा पडलाच, तर दुसऱ्या दिवशी राहिलेले भरून काढण्यासाठी दहा वाचू नयेत. त्या दिवसाचे पाचच वाचावेत आणि पोथी बांधून ठेवावी.