दुःखातून शील घडते

दुःख कुणाला चुकले नाही. प्रश्न एवढाच, की त्या दुःखाचे आपण काय करतो? आम्हा वऱ्हाडवासीयांना याचे उत्तर गाडगेबाबांच्या जीवनात सापडते.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली डेबूजींचा जन्म झाला. दारूपायी वडील लवकर गेले. बालपण दापुरे येथे मामांची गुरे राखण्यात सरले. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यांनी दारू-मटणाची रूढी मोडून गोड जेवण वाढले. बुद्धांचे पाचवे शील त्यांनी असे आचरणातून शिकवले.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. दिवसा खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनातून दारू, कर्ज व अस्पृश्यतेवर प्रहार करायचे, हाच त्यांचा नेम. कीर्तन चालू असतानाच मुलगा गोविंदा गेल्याची वार्ता आली. तरी कीर्तन थांबले नाही. १९४९ साली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली.

विद्यार्थी मित्रांनो, ज्या दुःखाने आपले घर पोळले, ते शेजारच्या घरात शिरू न देणे, हीच करुणा आणि हाच सुखाचा प्रसार होय. त्याची सुरुवात आपण आपल्याच घरापासून करू या.