हाताच्या बोटावरील हाडाची गाठ : निदानातील दक्षता

औरंगपुऱ्याच्या भाजी मंडईत बसणाऱ्या एक भगिनी उजव्या हाताच्या मधल्या बोटावरील टणक गाठ दाखविण्यासाठी आमच्या अस्थिरोग विभागात आल्या. गाठ दुखत नव्हती. परंतु तराजू धरताना बोट मुडपत नव्हते. "कॅन्सर असेल तर बोट काढून टाका, पण लवकर सांगा," एवढेच त्यांचे म्हणणे होते.

हाताच्या हाडांतील बहुतेक गाठी साध्याच असतात. त्यांत सर्वाधिक आढळणारी एनकॉन्ड्रोमा ही हाडाच्या आत वाढणारी कूर्चेची गाठ होय. हाड आतून पातळ होते व किरकोळ धक्क्याने मोडते, तेव्हाच पुष्कळांना तिचा पत्ता लागतो. अशा वेळी बहुधा मोडलेले हाड प्रथम जुळू देतात व मग गाठ खरवडून काढतात.

या भगिनींची गाठ मात्र हाडाच्या पृष्ठभागावर होती आणि दुर्मिळ प्रकारची होती. अमेरिकेतील नोरा, डाहलिन व ब्यूबाउट या डॉक्टरांनी १९८३ मध्ये हातापायांच्या लहान हाडांवरील अशा ३५ गाठींचे वर्णन प्रसिद्ध केले. तेव्हापासून ती नोरा यांच्या नावाने ओळखली जाते. ऑस्टिओकॉन्ड्रोमा या अधिक परिचित वाढीत मूळ हाडातील मज्जेची पोकळी गाठीत सलग शिरलेली दिसते. नोरांच्या गाठीत सहसा हाडाचे कवच अखंड राहून गाठ त्यावर बसलेली असते. सीटी स्कॅनमध्ये हा भेद स्पष्ट होतो. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तिच्या कूर्चापेशी इतक्या वेड्यावाकड्या दिसतात की कर्करोगाचाच भास व्हावा. म्हणून विकृतिशास्त्रज्ञांनी क्ष-किरण चित्र शेजारी ठेवूनच अहवाल द्यावा, ही पद्धत आमच्याकडे पाळली जाते. एवढ्याशा गाठीसाठी इतक्या तपासण्या कशाला, असे हिशेब पाहणाऱ्या आम्हां मंडळींना पूर्वी वाटत असे, हे येथे कबूल करतो. चुकीच्या अहवालाची किंमत एक धडधाकट बोट असू शकते.

गाठ आवरणासह समूळ काढणे हाच उपचार. तरीही सुमारे निम्म्या रुग्णांत ती पुन्हा उद्भवते, बहुधा पहिल्या दोन वर्षांत. पुन्हा येणे म्हणजे कर्करोग नव्हे, हे आम्ही नातेवाइकांना शस्त्रक्रियेपूर्वीच सांगतो. न सांगितल्यास भीतीपोटी रुग्ण परत येतच नाही.

या भगिनी मात्र आल्या, चौदा महिन्यांनी, गाठ परतल्यावर. दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च निर्धन रुग्ण निधीतून झाला. बोट शाबूत आहे. टोकाचा सांधा पूर्ण वळत नाही, म्हणून तराजू त्या डाव्या हाताने धरतात. दर सहा महिन्यांनी त्यांना तपासणीस बोलाविले आहे, तेही मंडईतील सकाळची गिऱ्हाइके आटोपल्यावर, दुपारी.