जाहीर सुनावणी व अधिकाऱ्याची पूर्वतयारी

शिवारालगत खाण, कारखाना किंवा वीजकेंद्र येणार अशी बातमी आली म्हणजे गांवांत दोन प्रकारचीं मतें ऐकूं येतात. कांहीं म्हणतात, सरकारनें सारें ठरविलेंच आहे, सुनावणीस जाऊन काय मिळावयाचें? कांहीं म्हणतात, त्या दिवशीं अधिकाऱ्यास चांगलें धारेवर धरूं. या दोन्ही मतांनीं नुकसान शेतकऱ्याचेंच होतें. सुनावणीच्या दिवशीं प्रकल्पास मंजुरी मिळत नाहीं आणि ती नाकारलीहि जात नाहीं. त्या दिवशीं लोकांच्या म्हणण्याची नोंद होते, व निर्णय करणाऱ्यांपुढें तीच नोंद जाते. म्हणून सभेचा अध्यक्ष होणारा अधिकारी किती तयारीनें येतो, यावर आपल्या म्हणण्याचें मोल बरेंच अवलंबून असतें. ती तयारी कशी असावी व तींत शेतकऱ्यांनीं कसा हातभार लावावा, याचा येथें विचार करूं.

कायद्याची चौकट

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९८६ सालीं झाला. त्याखालीं १९९४ सालीं निघालेल्या अधिसूचनेंत १९९७ सालीं दुरुस्ती होऊन जाहीर सुनावणी आली. हल्लीं १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना, वेळोवेळीं झालेल्या दुरुस्त्यांसह, लागू आहे. बी-२ वर्गांतील प्रकल्प व अन्य कांहीं कामें सुनावणींतून वगळलेलीं आहेत. इतरांची सुनावणी प्रकल्पाच्या जागीं किंवा तिच्या अगदीं जवळ घ्यावी लागते. व्यवस्था राज्याचें प्रदूषण नियंत्रण मंडळ करतें. अध्यक्षस्थानीं जिल्हाधिकारी, किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याहून खालच्या दर्जाचा नसलेला त्यांचा प्रतिनिधि असतो. दैनिकांतून सूचना देऊन निदान ३० दिवसांची मुदत ठेवावी लागते. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कचेरी, जिल्हा परिषद इत्यादि ठिकाणीं पाहावयास मिळतो, व त्याचा सारांश स्थानिक भाषेंतहि असावा लागतो.

या सारांशाचें महत्त्व लहान नाहीं. गोव्यांतील एका खाणीच्या मंजुरीविरुद्ध ‘उत्कर्ष मंडळ’ या संस्थेनें केलेल्या अर्जावर दिल्ली उच्च न्यायालयानें नोव्हेंबर २००९ मध्यें निकाल दिला. सारांश सुनावणीपूर्वीं निदान ३० दिवस लोकांस मिळाला पाहिजे, आणि तज्ज्ञ समितीनें लोकांच्या हरकतींचा कारणें देऊन विचार केला पाहिजे, असें त्यांत सांगितलें आहे.

अधिकाऱ्यानें काय करून यावें

(१) वाचन.— सारांशावर न थांबतां पाणी, जमीन व पिकें यांविषयींचीं प्रकरणें त्यानें वाचावीं. असे अहवाल पुष्कळदां पावसाळा सोडून एकाच हंगामांतील मोजणीवर आधारलेले असतात. मार्गशीर्षांत भरलेली दिसणारी विहीर वैशाखांत तळ दाखविते, हें शेतकऱ्यास ठाऊक असतें; अहवालांत तें असेलच असें नाहीं.

(२) शिवारफेरी.— सभेपूर्वीं एकदां ओढा, विहिरी, पाणंद व वाऱ्याची दिशा प्रत्यक्ष पाहावी. आंब्याच्या मोहरावर धूळ बसते म्हणजे काय होतें, हें झाडाखालीं उभें राहूनच समजतें.

(३) भूमिका.— सभेंतील प्रत्येकास अर्जदाराकडून माहिती व खुलासा मागण्याचा अधिकार आहे. उत्तर अर्जदारानें द्यावयाचें असतें. अध्यक्ष स्वतःच प्रकल्पाच्या बाजूनें उत्तरें देऊं लागला म्हणजे लोकांचा विश्वास उडतो. उत्तर अपुरें असल्यास तें पुन्हां मागावें, व मिळालें नाहीं तर तसें लिहून घ्यावें.

(४) भाषा.— आंकडे लोकांच्या मापांत सांगण्याची तजवीज आधीं करावी. रोज ५०० घनमीटर पाणी लागेल, असें म्हटल्यानें बोध होत नाहीं. १ घनमीटर म्हणजे १,००० लिटर, तेव्हां रोजची मागणी ५ लाख लिटरांची झाली, असें सांगितलें म्हणजे शेतकरी तिचा आपल्या विहिरीशीं मेळ घालूं शकतो.

(५) क्रम.— ज्यांची जमीन व पाणी जवळ आहे त्यांस प्रथम बोलूं द्यावें. स्त्रिया व भूमिहीन मजूर मागें राहणार नाहींत, हें पाहावें.

शेतकऱ्यांनीं काय करावें

अधिकारी बदलीनें येतो व बदलीनें जातो. शिवार आपण जाणतों. म्हणून त्यास माहिती पुरविणें हें आपलेंच काम आहे. सूचना निघतांच गांवकऱ्यांनीं एकत्र बसून प्रश्नपत्र तयार करावें. त्यांत गट क्रमांकासह विहिरींची महिनेवार पातळी, पिकें, गुरांची संख्या व पाणवठे यांची टिपणें द्यावींत, सातबाऱ्याचे उतारे जोडावेत, आणि तें पोंच घेऊन जिल्हाधिकारी व मंडळ या दोघांकडे द्यावें. शिवार पाहावयास येण्याचें आमंत्रणहि त्यांतच असावें. सभेंत एकानें एकच प्रश्न नीट विचारावा. शिवीगाळ झाली तर नोंदींत ‘गोंधळ झाला’ एवढेंच उरतें, आणि विहिरीची गोष्ट बाहेर राहते. घरीं बसून बहिष्कार घालणारांनींहि ध्यानांत ठेवावें कीं, सभा सुरू होण्यास किमान हजेरीची अट कायद्यानें घातलेली नाहीं.

शेवटचा अर्धा तास

सूर्य कलला म्हणजे धारा काढावयाच्या म्हणून आपण उठतों. परंतु खरा वेळ तोच. सभेच्या अखेरीस कामकाजाचा सारांश स्थानिक भाषेंत वाचून व समजावून सांगावा लागतो, आणि त्यावर त्याच दिवशीं अध्यक्षाची सही होते. प्रत्येकानें आपलें वाक्य त्यांत आलें कीं नाहीं, हें कान देऊन ऐकावें. ‘पाण्याविषयीं शंका व्यक्त झाली’ असें मोघम लिहिलें असेल, तर ‘अमुक गटांतील विहीर चैत्रांत आटते, तिला पाणी कोठून देणार?’ असें लिहावयास लावावें. संपूर्ण कामकाजाचें चित्रण होतें, तेव्हां ही दुरुस्तीहि बोलूनच सांगावी. पुढें हरकतींचें विवरण ग्रामपंचायतींत लावतात; तेंहि वाचावें. मंजुरी मिळालीच, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करतां येतें, व सबळ कारण दाखविल्यास आणखी ६० दिवसांपर्यंत मुदत मिळूं शकते. त्याचें एक पीठ पुण्यास आहे. तेथेंहि प्रथम हीच नोंद उघडली जाईल.

बांधाचा वाद उभा राहिला म्हणजे आपण मोजणीचा नकाशा काढतों. पाण्याचा वाद उभा राहील तेव्हां सुनावणीची नोंद हाच आपला नकाशा. तो बिनचूक व्हावा यासाठीं घरच्या धारा एक दिवस शेजाऱ्यावर सोपवाव्यात, आणि सही होईपर्यंत मंडपांत बसावें.